घरची बोली, प्रबंधाचा विषय

बेळगावात वाढलेल्या आमच्या पुतणीने भाषाशास्त्राच्या एम. ए. प्रबंधिकेसाठी घरचीच मराठी निवडली. मार्गदर्शिका बाईंनी बजावले, “नुसते शब्द वेचू नकोस, वाक्यरचना पाहा.” सांगलीजवळच्या कुपवाडात मराठी, कन्नड, उर्दूचे शब्द वेगळे राहिले, व्याकरण मात्र एका साच्यात आले, हे गम्पर्झ व विल्सन यांनी १९७१ साली दाखविलेच होते.

अडचण निराळीच निघाली! ध्वनिमुद्रण सुरू होताच आमच्या मातोश्री पुस्तकी बोलू लागल्या. “आमचं कानडी वळण लोकांना कशाला दाखवतेस गं?” पुण्याच्या पाहुण्यांनी हसल्याचे ते जुने शल्य. बाई म्हणाल्या, प्रश्न थांबव, माहेरचा विषय काढ. विसाव्या मिनिटाला मातोश्री यंत्र विसरल्या. दुसरे प्रकरण त्याच मुद्रणावर चालले आहे. मसुदा मात्र बाईंकडून तिसऱ्यांदा परत आला.