जिरू दे की!

परफ्यूमच्या दुकानात आपण काय करतो? कागदाच्या पट्टीवर फुस्स, पट्टी नाकाला आणि दोन सेकंदांत निकाल! मीही तेच करायचे. गेल्या महिन्यात आत्याने माझी चांगलीच जिरवली.

आत्या राहते वळसंगला, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर. (ऑफिसात मी 'सोलापूरची' एवढंच सांगते. वळसंग कुठे आलं हे कोण समजावत बसणार?) अक्कलकोटला स्वामी समर्थांना हिना अत्तर वाहतात. तिथली एक छोटी बाटली आत्याच्या कपाटात कायम असते. सोमवारी पहाटे मी निघाले, तेव्हा तिने माझ्या मनगटावर एक थेंब टेकवला. मी सवयीने मनगटं घासायला लागले, तर ओरडलीच, "घासालीस कशाला? जिरू दे की!"

पहिला वास थेट काढ्याचा! आणि दुपारी क्लायंट मीटिंग. हुतात्मा एक्स्प्रेसच्या बेसिनवर साबणाने हात धुतला. पण तेलच ते, जातंय कुठे!

हिना म्हणजे नुसती मेंदी नव्हे. कनौजचे कारागीर तांब्याच्या डेगमध्ये मुळ्या-मसाले पाण्यात उकळतात आणि ती वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरवतात. जटामांसी, नागरमोथा, दगडफूल अशी मंडळी त्यात असतात. दगडफूल आपल्या गोड्या मसाल्यातलंच, आणि नागरमोथा शेतातल्या लव्हाळ्याचा भाऊबंद! आता शंभराच्या नोटेत येणाऱ्या बाटलीत अस्सल चंदन नसणार, हे उघड आहे. पण वासाची चाल तीच. स्प्रेमधलं अल्कोहोल भुर्रकन उडतं, म्हणून सुरुवात दणक्यात होते. तेलाला घाई नसते. अंगाच्या उबेने आधी हलके वास उडतात, लाकडाचे जड वास मागे उरतात.

माझंच बघा ना. कुर्डुवाडीपर्यंत काढा. दौंडला लवंग-वेलचीची ऊब. मीटिंगमध्ये ओली माती आणि सुकी मुळं (कुणी नाक मुरडलं नाही, हुश्श!). आणि चारच्या चहाला मनगट नाकाशी नेलं, तर चक्क आत्याचं जुनं सागवानी कपाट!

शेजारची मैत्रीण वाकून म्हणाली, "मस्त आहे गं. इम्पोर्टेड?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, "हिना. वळसंगच्या आत्याचं."

"वळसंग कुठे आलं?"

चहा गार होईपर्यंत समजावत बसले.

तर मंडळी, पट्टीवर जाऊ नका. प्रत्येकाची त्वचा वेगळी, तिच्यावर वासही वेगळा. मनगटावर थेंब लावा, तीन-चार तास भटकून या, मगच पाकीट उघडा. कपड्यांवर नको, तेलाचा डाग पडतो. आणि घासू नका. जिरू दे की!