साक्षगंधाआधी रक्त तपासून घ्या

तुळशीचं लग्न लागलं की घराघरांत सोयरिकीची बोलणी सुरू होतील. त्याआधी एक काम करा. ज्यांचं लग्न ठरायचं आहे, त्या मुलाचं आणि त्या मुलीचं रक्त सिकलसेलसाठी तपासून घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, भंडारा आणि नंदुरबार इथल्या प्रत्येक आईबापाला ही हात जोडून विनंती आहे. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलात, तरी मूळ गाव या भागातलं असेल तर तुम्हालाही आहे.

कारण हा आजार ज्यांच्यामार्फत येतो, त्यांना स्वतःला सहसा काहीच होत नाही. रिपोर्टवर ‘एएस’ असं लिहिलेला माणूस वाहक असतो. तो नांगर धरतो, ऊस तोडतो, होळीला रात्रभर नाचतो. त्याच्याकडे बघून कुणाला शंकाही येणार नाही. पण दोन वाहकांचं लग्न झालं, की दर गरोदरपणात बाळ ‘एसएस’ म्हणजे सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं मूल धडधाकट निघालं म्हणून दुसऱ्याची हमी नाही. प्रत्येक बाळाच्या वेळी हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडला जातो.

जन्मानंतर काही महिने बाळ छान हसतं-खेळतं. मग एके दिवशी त्याचे हातपाय सुजतात आणि ते रडायचं थांबत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे असह्य दुखतं. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही जेमतेम 10 ते 20. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, डोळे पिवळे पडतात, पानथरी वाढते. पुढे शाळा बुडते. आईची मजुरी बुडते. उपचारासाठी घरातलं किडुकमिडुक विकलं जातं.

हे सगळं आपल्याला आज कळलेलं नाही. भारतात निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल सापडला 1952 साली. 1958 मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी तर संशोधनाची कितीतरी वर्षं महाराष्ट्राच्या आदिवासी भागातल्या या एका आजाराला दिली. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या जमातीत तो किती आहे, याचा त्यांनी माग काढला. 2002 साली सहकाऱ्यासोबत लिहिलेल्या निबंधात त्यांनी हे चित्र मांडलं. वाहकांचं प्रमाण काही जमातींत शून्य, तर काहींत 35 टक्क्यांपर्यंत. भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर यांच्यात 20 ते 35 टक्के. वर ज्या सहा जिल्ह्यांची नावं घेतली, तिथे 5000 हून अधिक रुग्ण असतील, हा अंदाजही त्याच निबंधातला. 2019 मध्ये काटे यांना पद्मश्री मिळाली. पण माझ्या मते या कामाचा खरा मान तुमच्या हातात आहे. आजार कुठे आहे हे शास्त्रज्ञानं दाखवलं. तुमच्या घरात तो आहे का, हे तुमच्या रक्ताचा थेंबच सांगेल.

तो थेंब द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, किंवा आशाताईंना विचारा. पहिली चाचणी बोटातून थेंबभर रक्त घेऊन होते. त्यात शंका आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की चाचणी करून घ्या, कारण वाहक कोण आणि रुग्ण कोण हे तिथेच स्पष्ट होतं. 1 जुलै 2023 रोजी शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट आहे. या कोटींत तुमच्या घरातली माणसं असू द्या. मिळालेलं कार्ड जपून ठेवा आणि सोयरिकीच्या बैठकीत न लाजता पुढे करा.

दोघंही वाहक निघाले तर? बोलणी सुरू व्हायची असतील तर शांतपणे दुसरं स्थळ बघा. पोरांनी एकमेकांना पसंत केलं असेल तर त्यांना तोडू नका. त्यांना सगळं समजावून सांगा, निर्णय त्यांना घेऊ द्या. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांकडे जा. पोटातल्या बाळाची तपासणी तेव्हाच ठरवावी लागते, उशीर झाला की वाटा बंद होत जातात. मुंबईत परळला केईएमच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिर विज्ञान संस्थेत अशी तपासणी होते.

आणि एक गोष्ट कळकळीची. सुनेला दोष देऊ नका. आजारी मुलाला एक जनुक आईकडून आलेलं असतं आणि एक बापाकडून. निम्मा वाटा तुमच्या लेकाचा आहे. हा शाप नाही, करणी नाही, एका जातीचा डागही नाही. विदर्भात तो आदिवासींबरोबर इतर समाजांतही आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे तो टिकला, कारण वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून काहीसं संरक्षण मिळतं.

घरात आजारी लेकरू आधीच असेल तर हातपाय गाळू नका. डॉक्टरांनी सांगितलेली हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड बंद करू नका. हायड्रॉक्सीयुरियामुळे दुखण्याचे झटके कमी होतात. लसी चुकवू नका. भरपूर पाणी पाजा, थंडीपासून जपा. ताप आला तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. ऊसतोडीला परगावी जाताना कार्ड आणि गोळ्या सोबत घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

गुरुजी, वर्गात वारंवार हातपाय दुखतात म्हणणारं पोर कामचुकार समजू नका, त्याच्या आईबापांना तपासणीला पाठवा. सरपंच, ग्रामसभेत हा विषय घ्या. मामा-मावश्यांनो, स्थळ सुचवताना आधी कार्ड विचारा.

लग्नसराईला फार दिवस उरलेले नाहीत. या आठवड्यात पोरांना आरोग्य केंद्रात घेऊन जा.