आकाशाकडे दोन्ही बाजूंनी पाहा

१७ ऑगस्ट २०१७ रोजी गुरुत्वीय लहरी पोहोचल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मी दुर्बिणीने गॅमा किरणांचा क्षीण स्फोट टिपला. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून असे स्फोट होतात, याचा तो पहिला थेट पुरावा. पण पृथ्वीलगतच्या कक्षेतील कोणत्याही एका उपग्रहापुढचे सुमारे एक तृतीयांश आकाश पृथ्वीच झाकते. नेमकी टक्कर तिथे झाली, तर ती हुकते. म्हणूनच पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह ठेवण्याचा, आयआयटी मुंबईच्या पुढाकाराचा ‘दक्ष’ प्रस्ताव आम्हाला मोलाचा वाटतो. फर्मी आणि स्विफ्ट या दुर्बिणी असताना हा खर्च कशाला, हा आक्षेप रास्त आहे. मात्र स्विफ्ट २००४ची, फर्मी २००८ची; दोन्ही आता जुन्या झाल्या आहेत. शिवाय आपल्याकडे अनुभवही आहे: २०१५मध्ये अवकाशात गेलेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील सीझेडटीआय उपकरणाने शेकडो स्फोट नोंदवले, काहींचे तर अवघड असे ध्रुवीकरणही मोजले.