शेकरूचा पूल

मुलांनो, मागच्या खेपेला आपण खाली वाकून मुंग्यांची रांग पाहिली होती, आठवतंय ना? आज मात्र मान वर करायची आहे. अगदी दुखेपर्यंत!

फेब्रुवारीत आमच्या चौथीच्या वर्गाची सहल भीमाशंकरला गेली. मंचर, घोडेगाव करत एसटी घाटाला लागली आणि गाण्याच्या भेंड्या एकदम थांबल्या, कारण निम्म्या वर्गाला गाडी लागली होती. (पालकांनो, सहलीच्या डब्याबरोबर एखादं लिंबू जरूर द्या हो!) देवदर्शन झालं, आणि गुप्त भीमाशंकरच्या पायवाटेने आम्ही रानात शिरलो. बरोबर तिथल्याच एका वाडीतले मामा होते.

आत पाऊल टाकलं आणि एकदम गार वाटलं. बाहेर ऊन रणरणत होतं, इथे मात्र पायाखाली ओलसर पाचोळा. हे रान फार जुनं. जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा, उंबर, सगळी झाडं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असल्यासारखी. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे किती? तो सगळा साठून राहिला, तर तुमच्या वर्गाच्या दाराची चौकटसुद्धा बुडेल! १९८५ साली सरकारने इथलं सुमारे १३१ चौरस किलोमीटर रान अभयारण्य म्हणून राखून ठेवलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांनी देवाच्या नावाने रानाचे तुकडे राखले होते. त्यांना देवराई म्हणतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांचा अभ्यास केला. कितीतरी ठिकाणी पडलेलं वाळकं लाकूडसुद्धा उचलायचं नाही असा दंडक त्यांना आढळला.

आम्हाला पाहायचं होतं शेकरू, आपला राज्यप्राणी. पण चाळीस मुलं आणि शांतता? दोन्ही एकत्र कसं जमणार? अर्धा तास काहीच दिसलं नाही. मी तोंडावर बोट ठेवून दमले. मग मामा हळूच म्हणाले, "बाई, पोरांना खाली बसवा. उभ्या माणसाचं त्वांड लई चालतं." आणि खरंच की, बसल्यावर सगळी गप्प झाली.

पाचेक मिनिटांत डोक्यावर 'चक-चक-चक' असा कर्कश आवाज आला. पाहतो तर काय, तांबूस तपकिरी पाठ, पिवळसर पांढरं पोट आणि अंगापेक्षाही लांब झुपकेदार शेपूट! आपली अंगणातली खार असते साधारण शंभर ग्रॅमची. शेकरू भरतं दीड-दोन किलो. ते मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकलं आणि पुढच्या दोन हातांत फळ धरून कुरतडू लागलं. फांद्यांच्या पार टोकाला त्याचं घरटं होतं, काटक्या आणि पानांचा मोठा गोळाच. टोकालाच का? तिथल्या बारीक फांद्या जड शत्रूचं वजन पेलत नाहीत. शिवाय एक शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं. त्याचे वाडे किती आणि आपल्या खोल्या किती!

"बाई, ते खाली का येत नाही?" एका मुलीने कुजबुजत विचारलं. खाली त्याला भीती असते. त्याचं खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं, सगळं वरच. या झाडावरून त्या झाडावर ते सहा मीटरपर्यंत उडी मारतं. पण झाडांमधली फट त्याहून मोठी झाली, की पलीकडचं रान त्याच्यासाठी समुद्रापार गेल्यासारखं. मामांनी बोट दाखवलं. दोन झाडांच्या मधून माणसाच्या मांडीएवढा जाड वेल गेला होता. गारंबीचा. शेकरू त्यावरून असं पळालं, जणू काही पुलावरून चाललंय!

परत निघताना एक प्रकार घडला. आमच्यातल्या एका मुलाचा खिसा फुगलेला दिसला. काढायला लावलं, तर गारंबीची बी. चपटी, चकचकीत, तपकिरी, तळहातावर मावेल एवढी. मी सगळ्यांदेखत त्याला रागावले. चोरी वगैरे नको ते शब्द वापरले. तो लालबुंद झाला. "खाली पडली होती," एवढंच पुटपुटला.

मामांनी ती बी हातात घेतली. "पोरा, लई चांगली वस्तू निवडलीस," ते म्हणाले. "पर ह्यो वेल बघितला न्हवं? ही रुजली तर तसाच व्हईल. म्हंजे तुझ्या खिशात शेकरूचा पूल हाय."

मुलगा जरा धीट झाला. "मग तुम्ही हिरडा नेता तो?"

मी डोळे वटारले, पण मामा हसले. "नेतो की. आमच्या मालकीच्या झाडांचा. त्यावर घर चालतं. पर झाड तोडत न्हाई, आन राईतलं एक पान आणत न्हाई."

त्या दोघांनी मागे जाऊन ती बी एका कुजलेल्या ओंडक्याशेजारी ठेवली. असल्याच कुजक्या लाकडांवर पावसाळ्यात एक बुरशी उगवते, ती रात्री हिरवट उजेडाने चमकते. आणि मी दर शनिवारी शाळेच्या आवारातला पाचोळा पेटवून 'स्वच्छता' करते! परतीच्या गाडीत त्या मुलाशेजारी बसून मी त्याला म्हटलं, "चोर म्हणाले ते चुकलं माझं." त्याने खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "बाई, आपल्या शाळेत शेकरू आलं तर?"

सोमवारी आम्ही मोजपट्टी घेऊन आवारात उतरलो. फाटकाजवळच्या कडुलिंबाच्या फांदीचं टोक आणि पिंपळाच्या फांदीचं टोक, मध्ये किती अंतर? खाली जमिनीवर खुणा करून मोजलं. साडेनऊ मीटर! पिंपळ ते आंबा चार मीटर. म्हणजे शेकरू आंब्यावरून पिंपळावर येईल आणि तिथेच अडकेल. त्या मुलाने साडेनऊच्या मधोमध खडूने गोल काढलाय. पावसाळ्यात तिथे काय लावायचं यावर वर्गात भांडण चालू आहे. पाचोळा सध्या कोपऱ्यात साठतोय, त्यात एक गोगलगाय राहायला आली आहे.

तुमच्या शाळेतल्या किंवा गल्लीतल्या दोन झाडांमधलं अंतर मोजा आणि पत्राने कळवा. शेकरू कुठवर पोहोचतं ते पाहू!