अळीव काय फक्त बाळंतिणीनेच खायचे?

शहरातल्या बहुतेक मराठी घरांत आठवड्याच्या भाज्या मोजायला बसलं तर त्या पाच-सहाच निघतात. बटाटा, फ्लॉवर, भेंडी, कोबी, एखाद दिवशी वांगं, फ्रीजरमधले मटार. आमटी तुरीची, पोळी गव्हाची, भात पांढरा. घरात खाण्याच्या बाबतीत हट्टी मूल असेल तर यातलंही निम्मं गळतं आणि पोळी-तूप-साखरेवर गाडी येऊन थांबते. एकटी राहणारी म्हातारी माणसं चहा-टोस्ट आणि मऊ खिचडीवर दिवस काढतात. नोकरीसाठी खोली घेऊन राहणारी मुलं नूडल्स आणि वडापाववर.

अशा माणसांना ताटात भर घालायला सांगितलं की बोलणं लगेच अॅव्होकाडो, ब्रोकोली, किन्वा यांच्याकडे वळतं. वाईट काहीच नाही त्यांत, पण ती महाग आहेत, आणि ज्याला घरची भेंडीही नको असते तो ब्रोकोलीला तोंड लावेल ही आशा फोल आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. विविधता आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे, फक्त आपण ती पंचांगाला बांधून ठेवली आहे. वरई आणि राजगिरा उपवासाला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी भोगीला, अळीव बाळंतिणीला. जवसाची आणि कारळ्याची चटणी गावाकडून कुणी आणली तर. ही कुलपं उघडली तरी पुष्कळ काम होईल.

ऋषिपंचमीची भाजी घ्या. अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, दोडका, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, सगळं एका पातेल्यात. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही म्हणून परसातलं, आपसूक उगवलेलं घ्यायचं. मसाला जवळजवळ नाहीच. हिरवी मिरची, ओलं खोबरं, आणि अळू-सुरणाने घशाला खाज येऊ नये म्हणून चिंच. ही भाजी लोक वाट्याच्या वाट्या खातात. एरवी माठाला नाक मुरडणारेही खातात. मग ती वर्षातून एकदाच का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरीच्या दिवसाला चारशे ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. आपल्या रोजच्या ताटातली भाजी म्हणजे पोळीला लावून खायची वाटीभर वस्तू. ऋषिपंचमीला मात्र भाजी हेच जेवण असतं. श्रावण-भाद्रपदात दर आठवड्याला ती केली तर कुठलंही व्रत मोडत नाही.

दुसरं नाव कुळथाचं. देशावर त्यालाच हुलगे म्हणतात. हलक्या जमिनीत, थोड्या पावसावर येणारं हे कडधान्य, म्हणून ते गरिबाचं आणि दुष्काळाचं ठरलं, आणि हातात पैसा खेळू लागल्यावर कितीतरी घरांनी ते टाकलं. प्रथिनांत ते तुरीच्या तोडीस तोड आहे आणि कॅल्शियम तुरीच्या डाळीच्या तिपटीहून जास्त. आणि करायला किती सोपं! कोकणातलं कुळथाचं पिठलं दहा मिनिटांत होतं. तेलात मोहरी, ठेचलेला लसूण, मिरची. पाणी घालून उकळी. त्यात दोन आमसुलं. मग गार पाण्यात कालवलेलं पीठ एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. आधी ते पाण्यासारखं दिसतं आणि घाबरून आणखी पीठ घालावंसं वाटतं. घालू नये. पाच मिनिटांत आपोआप दाटतं आणि निवल्यावर आणखी. गरम भात, वर हे पिठलं. डाळ भिजवायला नको, कुकर नको, सोबत भाजी नसली तरी चालतं. खोलीवर एकट्या राहणाऱ्या मुलाला एकच पदार्थ शिकवायचा झाला तर मी हा शिकवेन. आमसुलाच्या आंबटपणाने धान्य-कडधान्यातलं लोह अंगी लागायलाही मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं, तेवढं सांभाळावं.

ज्यांचे दात गेले आहेत त्यांच्यासाठी याच हुलग्यांचं माडगं आहे. भाजून दळलेलं पीठ पातळ शिजवायचं, गूळ घालून किंवा मीठ-लसूण घालून. संध्याकाळच्या चहा-टोस्टाच्या जागी वाटीभर माडगं आलं तर आजी-आजोबांना नवं काही शिकावं लागत नाही. बहुतेकांनी ते लहानपणी खाल्लेलं असतं.

हट्टी मुलांचं मात्र वेगळं. त्यांच्या पुढ्यात नवा पदार्थ ठेवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. पदार्थ त्यांच्या ओळखीचाच राहू द्यावा आणि आतली एक वस्तू बदलावी. धिरडं खातं ना? मग त्यात मुगाबरोबर थोडी भिजवलेली चवळी वाटा. थालीपीठ चालतं? भाजणी घरची असेल तर तिच्यात बाजरी, उडीद, धणे असतातच, त्यात मूठभर शेवग्याचा पाला चिरून घाला. लाडू आवडतो तर अळिवाचा करा. नारळाच्या पाण्यात भिजवलेले अळीव, ओला नारळ आणि गूळ, बस्स. लोहाने भरलेली ही वस्तू बाळंतिणीपुरती ठेवण्याचं काही कारण मला दिसत नाही. (गरोदर बायकांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावी.) गुपचूप मिसळून फसवू नये. मुलाला कळतं, आणि मग ते थालीपिठावरचाही विश्वास टाकतं. ‘आज यात शेवगा आहे’ असं सांगून टाकावं आणि एक घास नको म्हटला तर सोडून द्यावं. अनोळखी चव रुजायला ती आठ-दहा वेळा समोर यावी लागते, हे मुलांच्या खाण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिलं आहे. आपण दुसऱ्या वेळेलाच ‘याला आवडत नाही’ असा शिक्का मारतो आणि तो शिक्का मुलाच्या लग्नापर्यंत पुरतो. वजन वाढत नसेल, किंवा एका रंगाचं, एका पोताचंच अन्न चालत असेल, तर ते लाड नव्हेत. अशा मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जावं, त्याला रागावू नये.

नाचणीबद्दल 2023च्या भरडधान्य वर्षात पुष्कळ बोललं गेलं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात सव्वाशेच्या आत. नाचणीतलं सगळं शरीराला मिळत नाही हेही खरं, म्हणून मोड आणून केलेलं सत्त्व उत्तम. रोजच्या पोळीत घालायची तर कणकेत चौथा हिस्सा पुरे. त्याहून जास्त झाली की पोळी लाटताना तुटते, कारण नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नाही. मग घरातलं माणूस वैतागतं आणि डबा कपाटात मागे सरकतो.

या सगळ्यात बाजाराचाही दोष आहे, पण बाजार मागणीवर चालतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालासारख्या भाज्यांची गावरान बियाणी घरात जपली, 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि सगळ्यांनी कौतुक केलं. त्या बियाण्याचा वाल विकत घेऊन शिजवणारे त्यामानाने थोडे. सोसायटीच्या दाराशी येणारा भाजीवाला चाकवत, चुका, घोळ, तांदुळजा आणत नाही, कारण कुणी विचारत नाही. दोन घरांनी सलग दोन आठवडे विचारलं तर तो आणतो. पावसाळ्यात ठाणे-पालघरकडे स्टेशनाबाहेर आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, शेवळं घेऊन बसतात. भाव करत बसू नका, कशी करायची ते विचारून घ्या, त्या नीट सांगतात. शेवळं घेतलीत तर त्यांच्याबरोबर मिळणारी काकडं नक्की घ्या, त्यांच्याशिवाय घसा खाजतो. नवख्याने सुरुवात टाकळ्याने करावी. कोवळी पानंच घ्यावीत, भरपूर कांद्यावर परतावीत आणि उतरवताना ओलं खोबरं घालावं.