बग कोणत्या वहीत लिहावा? (थ्रेड)

१/ ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील मार्क २ संगणकाच्या नोंदवहीत एक मेलेला पतंग चिकटवला गेला. हा कीटक इतिहासप्रेमींच्या परिचयाचा आहे. ‘बग’ हा शब्द त्याच्यापासून रूढ झाला, असेही सांगितले जाते. ते खरे नाही. एडिसनच्या १८७८ मधील पत्रव्यवहारात तो यंत्रातील दोष याच अर्थाने येतो.

२/ त्या पानाचे मोल पतंगापेक्षा शेजारच्या ओळींत अधिक आहे. ३:२५ वाजता मल्टी-ॲडरची चाचणी सुरू झाली. ३:४५ वाजता एफ पॅनेलच्या ७० क्रमांकाच्या रिलेत पतंग सापडला. कोणते काम चालू असताना दोष उघड झाला, हे आजही वाचता येते, कारण काम आणि दोष एकाच पानावर आहेत.

३/ पुढे कामाचे एकक बदलले. क्रायस्लर कंपनीच्या पगारप्रणालीवर १९९६ पासून केंट बेक आणि सहकाऱ्यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगची पद्धत घडवली. ग्राहकाची गरज लहानशा कार्डावर लिहिली जाई. तीच यूजर स्टोरी. २००१ मध्ये रॉन जेफ्रीज यांनी तिचे तीन घटक मांडले: कार्ड, संवाद आणि खातरजमा, म्हणजेच काम पूर्ण झाल्याचे ठरवणारी चाचणी.

४/ बग नोंदवण्याची साधने मात्र वेगळ्या घरात जन्मली. बगझिला १९९८ चे, जिरा २००२ चे. (‘जिरा’ हे नाव ‘गोजिरा’वरून, म्हणजे गॉडझिलाच्या जपानी नावावरून आले.) त्यामुळे स्टोरी एका यादीत आणि बग दुसऱ्या यादीत, अशी सवय अनेक टीमना जडली. ही फारकत घातक आहे.

५/ समजा, पगारपत्रकात ओव्हरटाइम दाखवण्याची स्टोरी आहे आणि सुट्टीच्या दिवशीचा ओव्हरटाइम शून्य दिसतो. स्टोरीचे काम चालू असतानाच हे आढळले, तर वेगळी नोंद कशाला? स्टोरी अपुरी आहे, एवढेच. वापर सुरू झाल्यावर आढळले, तर स्वतंत्र नोंद हवी, पण मूळ स्टोरीशी जोडलेली. जुनी स्टोरी पुन्हा उघडल्यास मागील स्प्रिंटचे हिशेब बिघडतात, हा आक्षेप रास्त आहे; म्हणून ती उघडू नये, जोडणी पुरते.

६/ आणि खातरजमेत सुट्टीचा उल्लेखच नसेल तर? मग तो बग नव्हे, नवी स्टोरी आहे. तिला बग म्हणणे म्हणजे कोणीच न विचारलेल्या प्रश्नाचा दोष प्रोग्रॅमरच्या माथी मारणे. सुट्या यादीत हा भेद पाहताच येत नाही. तिथे एकाच स्टोरीतून उद्भवलेले पाच बग पाच निरनिराळ्या तारखांना विखुरलेले असतात, आणि मूळ संवादच अर्धवट झाला होता हे कोणाच्या ध्यानी येत नाही.