दोस्त सैन्यांचा मेळ व करारातील पोकळी

जळगावाहून अजिंठ्याचा घाट चढून गेले म्हणजे जे गाव लागते, तेथे १८०३ साली इंग्रजांस आपल्या जखमी शिपायांकरिता इस्पितळ थाटावे लागले. २३ सप्टेंबरास असईची लढाई झाली होती. निजाम इंग्रजांचा दोस्त, आणि दौलताबादचा किल्ला निजामाचा. तथापि तेथील किल्लेदाराने जखमींस आत घेण्याचे साफ नाकारले! तह हैदराबादेत झाला होता. किल्लेदारास त्याचे काय? आपल्या पक्षाची कथा तर याहून लाजिरवाणी. शिंदे-भोसले लढत असता होळकर स्वस्थ बसले, आणि शिंद्यांनी ३० डिसेंबरास सुर्जी-अंजनगाव येथे तह केल्यावर १८०४ साली ते एकटेच लढावयास उठले. याच सरदारांच्या वैरापायी १८०२ साली खानदेश लुटला गेला व पाठोपाठ दुष्काळ आला, हे धुळे-जळगावच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

हे जुने उगाळण्याचे कारण असे, की परदेशी शांतिसेनेत जाणाऱ्या आपल्या जवानांसही हाच अनुभव आला आहे. २००० साली सिएरा लिओनमधील संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे सेनापती भारताचे मेजर जनरल विजयकुमार जेटली होते. त्याच वर्षीच्या ब्राहिमी अहवालात शांतिसेनांविषयी नमूद आहे, की काही राष्ट्रांनी शिपाई धाडले ते बंदुकांवाचून, बंदुका दिल्या तर शिरस्त्राणांवाचून. अशा सोबत्यांच्या भरवशावर कैलाहून येथे आपल्या गुरखा कंपन्या सुमारे अडीच महिने वेढ्यात राहिल्या; जुलैत ‘ऑपरेशन खुकरी’ करून त्यांस सोडविण्यात आले. पुढे नायजेरियन सहकाऱ्यांवर दोषारोप करणारा सेनापतींचा गोपनीय खलिता फुटला, आणि भारताने आपले सैन्य परत बोलाविले.

यात कोणा एका राष्ट्राच्या स्वभावास दोष देणे सोपे आहे; आम्हांस ते मान्य नाही. हाताखालच्या अधिकाऱ्याने हुकूम सेनापतीचा ऐकावा की स्वतःच्या राजधानीचा, हेच जेथे संदिग्ध, तेथे दुसरे काय घडणार? सैन्य मागण्यापूर्वी त्या राष्ट्रास सैन्याच्या उपयोगाविषयीच्या निर्णयात सहभागी होण्यास पाचारण करावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ४४ वे कलम सांगते. परंतु हे कलम ४३ व्या कलमाखालील करारांवर टांगलेले. आणि १९४५ पासून तसला एकही करार झालेला नाही! कुळाने सही करावी आणि शर्ती मात्र सावकाराने मागाहून भराव्या, अशातलाच हा प्रकार.

हुकूम कोणाचा, जखमींस नेणारे विमान कोणाचे, रसद तुटल्यास जबाबदार कोण, ही तीन कलमे लेखी झाल्यावाचून पलटण देशाबाहेर जाऊ नये. आणि तो मसुदा संसदेपुढे यावा. खानदेशच्या खासदारांनी ही मागणी पुढच्याच अधिवेशनात करावी.